एकच काडतूस: शिकारीतील स्वेच्छामर्यादेचा विचार

एखादे कृत्य मुळातच हिंसक असेल, तर ते करण्याच्या साधनावर कर्त्याने स्वतःहून घातलेली मर्यादा त्या कृत्याचे नैतिक स्वरूप बदलते का, हा धर्मविचारातील जुना प्रश्न आधुनिक काळात एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिला आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि आल्प्सच्या परिसरात असे अनेक शिकारी आहेत, जे चार-पाच काडतुसे एकापाठोपाठ उडवू शकणारी रायफल सहज मिळत असतानाही, एका वेळी एकच काडतूस घेणारी जुन्या घडणीची रायफल निवडतात. तिला सिंगल-शॉट रायफल म्हणतात. येथे तिचा उल्लेख ‘एकबारी’ असा केला आहे. दुसरा बार हाताशी नाही ही जाणीव शिकाऱ्याला थांबायला, निरखायला आणि वेळप्रसंगी रिकाम्या हाताने परत फिरायला शिकवते, असे तिच्या चाहत्यांचे म्हणणे असते. ते खरे असेल तर यंत्राच्या रचनेतून संयमासारखा गुण निपजतो असे मानावे लागेल, आणि खोटे असेल तर संयमाच्या नावाखाली एक आवडती वस्तू मिरवली जात आहे असे म्हणावे लागेल. या दोन टोकांपैकी कोणतेही एक स्वीकारण्याआधी त्या रायफलीची रचना आणि तिचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

एकबारी रायफलीच्या अनेक घडणींपैकी ‘फॉलिंग ब्लॉक’ ही सर्वांत नावाजलेली आहे. तिच्यात चापाभोवतीच्या कड्याला जोडलेला दांडा खाली ओढला की नळीचे मागचे तोंड बंद ठेवणारा पोलादी ठोकळा उभ्या खाचांतून खाली सरकतो, मोकळ्या झालेल्या तोंडातून हाताने काडतूस आत सारले जाते, आणि दांडा वर घेतला की ठोकळा पुन्हा जागेवर बसतो. अमेरिकेत ख्रिश्चन शार्प्स याने १८४८ मध्ये या तत्त्वावरील रायफलीचे पेटंट घेतले. स्कॉटलंडच्या जॉन फार्कहारसनची बांधेसूद घडण १८७२ ची असून ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांच्या कारखान्यात तिच्या रायफली तयार होत. आणि युटामधील ऑग्डन या गावच्या जॉन ब्राउनिंगला १८७९ मध्ये मिळालेले पेटंट विंचेस्टर कंपनीने विकत घेतले, त्यातून १८८५ ची प्रसिद्ध विंचेस्टर रायफल निघाली. पुढे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा साठा पोटात बाळगणारी पेटी असलेल्या रायफलींनी, विशेषतः १८९८ च्या माउझर रायफलीने, युद्धात आणि शिकारीत एकबारीला मागे सारले. तरीही १९६७ मध्ये अमेरिकेच्या रूगर कंपनीने फार्कहारसनच्या घडणीवरून स्फूर्ती घेऊन नवी एकबारी रायफल बाजारात आणली आणि तिला गिऱ्हाईक मिळाले. गरज संपल्यावरही जी वस्तू टिकते तिच्यामागे काही मूल्यविचार असतो, आणि या रायफलीच्या बाबतीत तो उघडपणे बोललाही जातो.

या विचाराला विसाव्या शतकात दोन समर्थ मांडणीकार लाभले. स्पॅनिश तत्त्वचिंतक होसे ओर्तेगा इ गासेत याने १९४२ मध्ये एका शिकारविषयक ग्रंथाची प्रस्तावना म्हणून लिहिलेल्या दीर्घ निबंधात असे प्रतिपादन केले की, माणसाची यंत्रशक्ती जनावराच्या मानाने अमर्याद वाढल्यावर ती पूर्णपणे वापरली तर शिकार उरतच नाही, उरतो तो केवळ संहार. म्हणून शिकाऱ्याला आपल्या वर्चस्वाचा काही भाग जाणूनबुजून बाजूला ठेवावा लागतो. अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड याने, त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, एका हरणासाठी एकच गोळी या सीमेवरच्या वसाहतवाल्यांच्या रिवाजाचा गौरव केला. पण त्या लोकांकडे वाहन, पैसा आणि भारी शस्त्रे नसल्यामुळे हा काटकसरीपणा त्यांच्यावर लादला गेला होता आणि त्याची आचारसंहिता नंतर झाली, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. लिओपोल्डची ही कबुली ओर्तेगाच्या तेजस्वी युक्तिवादापेक्षा अधिक मोलाची आहे, कारण प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे.

लादलेली मर्यादा काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा सर्वांत भयंकर पुरावा अमेरिकेच्या माळरानांवर १८७० च्या दशकात मिळाला. बायसन या रानगव्यासारख्या जनावराचे कळप तेथे एकेकाळी काही कोटींच्या संख्येने हिंडत असत. १८७१ च्या सुमारास त्यांच्या कातड्यापासून यंत्रांचे पट्टे व इतर औद्योगिक चामडे बनवणे शक्य झाले, रेल्वेने वाहतूक सोपी केली, आणि धंदेवाईक शिकाऱ्यांच्या टोळ्या माळावर उतरल्या. त्यांच्या हाती जी रायफल प्रामुख्याने होती ती शार्प्सची, म्हणजे एकबारीच होती. या शिकाऱ्यांची पद्धत शांत आणि हिशेबी होती: वाऱ्याची दिशा साधून काहीशे यार्डांवर आडवे व्हायचे, कळपाची म्होरकी गाय हेरून तिच्या फुप्फुसात गोळी घालायची, आणि ती पळून न जाता जागच्या जागी अडखळत राहिली की भोवतालचा कळप गोंधळून उभा राहतो याचा फायदा घेऊन एकेक जनावर सावकाश टिपायचे. येथे प्रत्येक बार एकटाच होता, प्रत्येक नेम काळजीपूर्वक धरलेला होता आणि काडतूस वाया न घालवण्याची दक्षताही होती, कारण काडतुसाला पैसे पडत. एकबारी रायफलीचे चाहते जे गुण सांगतात ते सगळे या माणसांत होते. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे याने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संपूर्ण उत्तर अमेरिकेत, बंदिस्त जनावरे धरूनही, अवघे १,०९१ बायसन उरल्याचा हिशेब मांडला. शार्प्स कंपनी त्याआधीच, १८८१ मध्ये, बंद पडली होती.

हा इतिहास समोर ठेवल्यावर यंत्र स्वतः संयम शिकवते हा दावा टिकत नाही. सावकाशपणा, एकाग्रता आणि अचूकता ही कौशल्ये आहेत, आणि कौशल्य हे ज्या हेतूच्या सेवेला लागेल त्याचे बळ वाढवते. भारतीय परंपरेत व्रत आणि अभाव यांत जो भेद केला जातो तो येथे उपयोगी पडतो: अन्न मिळाले नाही म्हणून उपाशी राहिलेला माणूस एकादशी करत नसतो, ताटात अन्न असताना संकल्पपूर्वक ते दूर ठेवणारा करतो. बायसनच्या शिकाऱ्याला दीर्घ पल्ल्याला इतके जोरकस दुसरे साधन नव्हते, म्हणून त्याचा एकच बार हा अभाव होता. मॅगझिनची रायफल दुकानात असताना एकबारी निवडणाऱ्याच्या बाबतीत तो निदान व्रत होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ एवढेच म्हणता येते, कारण व्रताला संकल्प लागतो आणि संकल्पाला विषय लागतो. तो कशाचा संकल्प करतो? केवळ आपले काम अवघड करण्याचा, की ज्याच्यावर नेम धरला आहे त्याच्याविषयीच्या काही जबाबदारीचा?

या ठिकाणी जैन आचारविचारातील हिंसेचे विश्लेषण फार सूक्ष्म मार्गदर्शन करते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची जी व्याख्या आहे तिचा आशय असा की, प्रमादाने युक्त अशा मन-वाणी-कायेच्या व्यापारातून प्राण हिरावले जाणे म्हणजे हिंसा, आणि प्रमाद म्हणजे बेसावधपणा, वासनेच्या किंवा आळसाच्या भरात विवेकाचे सुटलेले भान. ही व्याख्या मृत्यूइतकेच मारणाऱ्याच्या अंतःस्थितीकडे लक्ष वेधते. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ अनुयायाच्या, व्रतांत निष्प्रयोजन हिंसा टाळण्याचे जे व्रत सांगितले आहे त्याच्या दोषांमध्ये संयुक्ताधिकरण नावाचा एक दोष येतो. हिंसेला उपयोगी पडणारी साधने जोडून, वापराला सज्ज करून ठेवणे असा त्याचा अर्थ, आणि उखळाला मुसळ किंवा धनुष्याला बाण लावून ठेवणे ही त्याची उदाहरणे. एकबारी रायफल घेऊन चालणारे अनेक शिकारी नळी रिकामी ठेवतात, काडतूस खिशात किंवा पट्ट्यात बाळगतात आणि निर्णय झाल्यावरच ते आत सारतात. शस्त्र आणि काडतूस वेगळे ठेवण्याची ही रीत सुरक्षिततेसाठी पडली असली, तरी तिच्यात त्या प्राचीन सूचनेचा गाभा आहे: साधन आणि कृती यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत विवेकाला प्रवेश मिळतो. मॅगझिनमध्ये भरलेल्या काडतुसांनी ही जागा आधीच व्यापलेली असते. एकबारीच्या बाजूने जे काही खरे बोलता येते ते एवढ्यातच सामावले आहे, आणि ते थोडे नाही.

पण जैन विचाराकडून शिकाऱ्याने प्रशस्तिपत्राची अपेक्षा करू नये. शेती, स्वयंपाक, उद्योग किंवा आत्मरक्षण यांत अपरिहार्यपणे घडणाऱ्या हिंसेहून ठरवून केलेली, संकल्पी हिंसा वेगळी मानली गेली आहे; ती गृहस्थालाही वर्ज्य आहे, आणि शिकार ही द्यूत, मद्य, चोरी यांच्याबरोबर सप्तव्यसनांत गणलेली आहे. बौद्ध परंपरेतील विचार तर शिकाऱ्याच्या अभिमानालाच छेद देतो. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष याने प्राणिवध पूर्ण होण्यासाठी पाच अंगे सांगितली: सजीव प्राणी, तो सजीव असल्याची जाणीव, मारण्याचे चित्त, त्यासाठीचा उपक्रम म्हणजे प्रयत्न, आणि त्यामुळे आलेला मृत्यू. प्रयत्न जितका मोठा आणि मनाचा आवेग जितका तीव्र, तितका दोषही अधिक, असे त्याचे गणित आहे. आधुनिक शिकारनीतीचे गणित नेमके उलटे चालते: १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ज्या न्याय्य पाठलागाच्या तत्त्वाचा पुरस्कार केला त्यानुसार शिकार जितकी कष्टाची आणि जनावराला निसटण्याची संधी जितकी जास्त, तितकी ती प्रशंसनीय. एकाच्या दृष्टीने जे कष्ट कृत्याला शुद्ध करतात तेच दुसऱ्याच्या दृष्टीने मारण्याच्या इच्छेचा दृढपणा सिद्ध करतात. या विरोधातून सुटण्याचा एकच सरळ मार्ग दिसतो: मारण्यासाठी केलेले कष्ट आणि चुकीच्या वेळी, चुकीच्या तऱ्हेने न मारण्यासाठी केलेले कष्ट यांची वेगळी मोजदाद करणे. पहाटेपासून डोंगर चढणे हे पहिल्या प्रकारात मोडते. झाडोऱ्याआडून पुरेसे न दिसणाऱ्या हरणावर बार न काढता नळीतले काडतूस पुन्हा बाहेर काढणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि नैतिक मोल त्यालाच आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडूची कथा हा भेद विलक्षण स्पष्टपणे मांडते. पांडूने रतिक्रीडेत मग्न असलेल्या हरिणांच्या जोडीवर पाच वेगवान बाण सोडले. ते हरीण म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम ऋषी होता. राजे हरणांना उघडपणे किंवा छद्मानेही मारतात, तो राजधर्मच आहे, असा बचाव पांडूने केला तेव्हा मरणाऱ्या किंदमाचे उत्तर असे की, मृग मारल्याबद्दल तो राजाला दोष देत नाही; तो क्षण संपेपर्यंत राजाने थांबायला हवे होते, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. या कथेत दोष पाच बाणांच्या संख्येत नाही. एका बाणाने मारले असते तरी शाप चुकला नसता. दोष आहे तो न थांबण्यात, समोरचा जीव त्या घडीला कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहण्यात. याउलट कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजाच्या व्यसनांची तुलना करताना मृगयेला द्यूतापेक्षा कमी घातक ठरवले, आणि त्यासाठी व्यायाम, कफ-पित्त-मेद यांचा नाश, स्थिर व चल लक्ष्यावर नेम साधण्याचे कौशल्य, भय व क्रोध यांच्या अवस्थेतील प्राण्यांच्या चित्ताचे ज्ञान असे लाभ सांगितले. आजच्या शिकारसमर्थकांच्या लेखनातही हीच यादी थोड्या फेरफाराने आढळते. तिच्यातील प्रत्येक लाभ मारणाऱ्याचा आहे; मरणाऱ्याच्या बाजूने तिच्यात एक ओळही नाही.

मरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर एकबारी रायफलीविरुद्ध एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तिच्या चाहत्यांनी तो टाळता कामा नये. गोळी मर्मस्थानी न लागता आतड्यात किंवा पायात लागली, तर तात्काळ सुटलेली दुसरी गोळी जनावराच्या यातना संपवू शकते. एकबारीत दांडा ओढून, काडतूस सारून पुन्हा नेम धरेपर्यंत गेलेले काही क्षणही जखमी हरणाला दाट झाडीत नाहीसे होण्यास पुरतात. म्हणजे शिकाऱ्याने स्वतःवर घातलेल्या मर्यादेची किंमत प्रसंगी जनावर चुकते करते. स्वतःच्या व्रताचा खर्च दुसऱ्याच्या देहावर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि म्हणूनच एकबारी निवडणाऱ्यावर इतरांपेक्षा कडक बंधन येते: त्याचा पल्ला लहान असला पाहिजे, सराव अधिक असला पाहिजे, आणि किंचित शंका आली तरी बार न काढण्याची सवय हाडीमाशी भिनलेली असली पाहिजे.

जर्मन भाषिक प्रदेशांतील शिकारपरंपरेने हे बंधन धर्माचार आणि कायदा अशा दोन्ही रूपांत जपले आहे. तेथील डोंगरांत शॅम्वा या रानबकऱ्यासारख्या जनावराच्या शिकारीसाठी आजही किपलाउफ, म्हणजे बिजागरीवर नळी खाली वळवून भरण्याची हलकी एकबारी रायफल वापरली जाते. मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरव्या डहाळीचा शेवटचा घास ठेवण्याचा रिवाज तेथे आहे, आणि जखमी जनावराचा कुत्र्याच्या साहाय्याने माग काढणे हे प्रतिष्ठेचे कर्तव्य मानले जाते; जनावराला टाळता येण्याजोग्या यातना होऊ नयेत यासाठीची तरतूद जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यातच आहे. या शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणजे लीएजचा बिशप ह्युबर्टस, ज्याचा मृत्यू ७२७ मध्ये झाला. मूळ संत युस्टेसविषयी सांगितली जाणारी आणि नंतर ह्युबर्टसशी जोडली गेलेली आख्यायिका अशी की, पवित्र दिवशीही शिकारीला गेलेल्या या सरदाराला सांबराच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्याचे जीवन पालटले. तीन नोव्हेंबरला त्याचा सण साजरा करणाऱ्या शिकाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे की, आपल्या संताची कथा सावजासमोर थांबलेल्या माणसाची आहे.

मालकीचा प्रश्न याहून निराळा, पण तितकाच धर्मविचारातला आहे. एकबारी रायफली अक्रोडाच्या रेषादार लाकडाचे दस्ते, पोलादावरील नक्षी आणि कारागिराच्या हाताची सफाई यांसाठी जपल्या जातात, पिढ्यान्‌पिढ्या वारशाने दिल्या जातात. ‘तत्त्वार्थसूत्र’ परिग्रहाची ओळख मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची मोहयुक्त आसक्ती, अशी करून देते. वस्तू घरात असणे हा तितका मुद्दा नसून तिने मालकाच्या चित्ताचा ताबा घेणे हा मुद्दा आहे. शस्त्राच्या बाबतीत या आसक्तीत जास्तीची एक भर पडते, कारण सुंदर शस्त्र आपला उपयोग व्हावा अशी मागणी करत राहते. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रे पुसून पूजली जातात तेव्हा त्यांच्या सामर्थ्याविषयीचा आदर आणि धाकच व्यक्त होत असतो, आणि तो धाक जिवंत असणे हे शस्त्र बाळगणाऱ्याच्या शहाणपणाचे लक्षण आहे.

त्या मागणीला रक्ताविना उत्तर देता येते, हे या रायफलींच्याच इतिहासाने दाखवून दिले आहे. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या नेमबाजांत दीर्घ पल्ल्याचा जो सामना झाला त्यात अमेरिकन संघाने रेमिंग्टन आणि शार्प्सच्या एकबारी रायफलींनी, आयरिश संघाच्या ठासणीच्या रायफलींवर ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी विजय मिळवला. आजही अमेरिकेत जनावरांच्या आकाराचे लोखंडी पत्रे दूरवर उभे करून त्याच घडणीच्या रायफलींनी ते पाडण्याच्या स्पर्धा भरतात. श्वासावरचा ताबा, वाऱ्याचा अंदाज, एका बारावर सारे चित्त केंद्रित करणे हे जे जे या रायफलीचे वरदान म्हणून सांगितले जाते, ते सगळे या मैदानावर मिळते. यातून निघणारा निष्कर्ष शिकाऱ्याला गैरसोयीचा वाटला तरी अटळ आहे: एकाग्रता आणि संयम यांच्यासाठी सजीव लक्ष्य लागत नसेल, तर त्या गुणांच्या नावावर जीव घेणे समर्थनीय ठरत नाही. मारण्याला स्वतंत्र कारण हवे. लांडग्यांचा नायनाट झालेल्या डोंगरांवर हरणांची संख्या अनिवार वाढून तीच उपाशी मरतात आणि जंगलही खुरटते, हे लिओपोल्डने पाहिले आणि लिहिले. मांसासाठी वर्षाला एक हरीण मारणारी ग्रामीण कुटुंबेही तिकडे आहेत. ही कारणे खरी आहेत, वादाला जागा ठेवणारी असली तरी विचारात घेण्याजोगी आहेत, आणि रायफलीच्या घडणीशी त्यांचा काहीही संबंध नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंदासाठी शिकार करण्याचा प्रश्न उरलेला नाही, आणि ते योग्यच झाले. जेथे कायदा शिकारीला परवानगी देतो अशा देशांत स्थायिक झालेल्या मराठी माणसासमोर मात्र शेजाऱ्याचे आमंत्रण म्हणून हा प्रश्न येऊ शकतो. त्याने रायफल किती जुन्या घडणीची आहे हे विचारण्याआधी, हे जनावर का मारायचे आहे हे विचारावे. त्याचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर त्या सुंदर रायफलीने लोखंडी पत्र्यावर मनसोक्त नेमबाजी करावी आणि हरणाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.